शरकाराचा मिटलेला डोळा : बाण सरळ करण्याची विद्या आणि भारतीय दृष्टान्तपरंपरा

अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात बाणाची बाराएक नावे एकापाठोपाठ येतात. त्यांतली काही वेगावरून पडली आहेत, काही पिसांवरून, तर ‘शर’ हे नाव ज्या गवतापासून बाण घडतो त्या गवताचेच आहे. या यादीत एक नाव वेगळ्या जातीचे आहे : ‘अजिह्मग’, म्हणजे वाकडा न जाणारा. त्याच कोशात, पण दूर पाताळभोगिवर्गात, ‘जिह्मग’ हे सापाचे नाव म्हणून नोंदलेले आहे. दोन्ही नावे वेगवेगळ्या वर्गांत विखुरल्यामुळे त्यांचे नाते सहसा नजरेत भरत नाही. शब्दाच्या घडणीकडे पाहिले तर मात्र बाणाची ओळख सापाच्या निषेधातून झालेली दिसते. गंमत अशी की महाकाव्याची शैली बाणाला वारंवार उपमा देते ती विषारी सापाचीच. कर्णपर्वात तर अश्वसेन नाग कर्णाच्या नकळत त्याच्या बाणातच शिरतो. कृष्ण रथ जमिनीत दाबतो आणि तो बाण अर्जुनाचा कंठ सोडून किरीट घेऊन जातो. बाणात शिरलेला जिह्मग लक्ष्याला मुकावा, ही योजना कवीने जाणून केली असो वा नसो, शब्दांच्या पातळीवर ती नेमकी आहे.

‘अजिह्मग’ हे नाव बाणाला जन्मतः लाभलेला गुण सांगते असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. रानातून आणलेली काडी सरळ नसते. ती सरळ करावी लागते, तिची पेरे घासावी लागतात, मागच्या टोकाला पिसे बांधावी लागतात, पुढचा भार तोलावा लागतो, आणि एवढे करूनही ती ज्या धनुष्यावर चढणार त्याच्याशी तिचे जुळले नाही तर ती डोलत जाते. हे काम करणारा तो इषुकार किंवा शरकार. भारतीय वाङ्मयात त्याला युद्धकथेपेक्षा वैराग्यकथेत अधिक मानाची जागा मिळाली, ही बाब तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. त्याच्या हातातल्या कामापैकी कोणता तपशील कोणत्या परंपरेने राखला आणि कोणता गळू दिला, यावर त्या दृष्टान्ताचा अर्थ कसा अवलंबून राहिला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

वैदिक वाङ्मयातील उल्लेख थोडके, पण महत्त्वाचे आहेत. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील ११२व्या सूक्तात निरनिराळ्या माणसांच्या निरनिराळ्या धडपडी सांगताना एक कारागीर येतो. त्याच्याजवळ वाळलेल्या वनस्पती आहेत, पक्ष्यांची पिसे आहेत, दगड आहेत, आणि तो सोने बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो आहे. साहित्याची ही यादी बाणाची आहे असे अभ्यासकांनी मानले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे : काडी, पीस आणि दगडी टोक. सहाव्या मंडलातील ७५व्या आयुधसूक्तात बाण पीस पांघरतो व स्नायूंनी बांधलेला असतो. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायातील पुरुषमेधाच्या यादीत इषुकार, धनुष्कार आणि ज्याकार हे तिघे वेगवेगळे मोजले आहेत. बाण, धनुष्य आणि दोरी ही तीन स्वतंत्र हातांची कामे होती, हे या यादीवरून कळते. तीन हातांनी घडवलेल्या तीन वस्तूंचा मेळ घालणे हे मग चौथेच काम उरते. त्याला यादीत नाव नाही. ते बहुधा धनुर्धराच्याच वाट्याला येत असावे.

या विद्येचे खरे भांडार पाली वाङ्मयात आहे. मज्झिमनिकायातील चूळमालुंक्य सुत्तात विषारी बाण लागलेल्या माणसाचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. बाण मारणारा कोण, धनुष्य कोणते, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असा हट्ट तो धरतो. निरर्थक प्रश्नांचा उपहास करण्यासाठी रचलेल्या या उताऱ्यात प्रश्नकर्त्याच्या तोंडी जे तपशील घातले आहेत ते कारागिराच्या अचूकतेचे आहेत : दोरी रुईच्या वाखाची की स्नायूची की मोरवेलीची, काडी रानात वाढलेली की लावलेली, पीस गिधाडाचे की कंक पक्ष्याचे, ससाण्याचे की मोराचे, आणि ते बांधले बैलाच्या स्नायूने की म्हशीच्या. प्रश्न व्यर्थ ठरवले गेले, तरी ते विचारायला लागणारे ज्ञान श्रोत्यांच्या ओळखीचे असल्याखेरीज उपहास साधला नसता.

धम्मपदाच्या चित्तवग्गाची पहिलीच गाथा चंचल चित्त सरळ करणाऱ्या मेधावी पुरुषाला शरकाराची उपमा देते. तिच्यावरील अट्ठकथेने कामाची पद्धत क्रमाने नोंदवली आहे. रानातून एक वाकडी काठी आणायची, तिची साल काढायची, कांजी-तेलाने ती माखायची, निखाऱ्यांच्या खापरावर तापवायची, लाकडाच्या बेचक्यात दाबून तिचा बाक काढायचा आणि केसाचा वेध घेण्याइतकी सरळ करायची. यातील एकही पायरी शोभेची नाही. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की लाकडाचे तंतू नरम पडतात. नरम असताना दिलेला आकार थंड झाल्यावर टिकतो. कोरडी काडी तापवून वाकवली तर तडकते. अट्ठकथाकाराने हे कोणाच्या तरी दारात उभे राहून पाहिले असले पाहिजे, निदान पाहणाऱ्याकडून ऐकले असले पाहिजे. मग तो पुढे लिहितो की असा बाण घडवणारा राजाला आणि राजाच्या महामात्रांना आपले कसब दाखवून सत्कार मिळवतो. हे वाक्य लक्षात ठेवावे. त्याचा संदर्भ पुढे येणार आहे.

पण्डितवग्गातील गाथेत पाटकरी पाणी नेतात, शरकार बाण वळवतात, सुतार लाकूड वळवतात आणि पंडित स्वतःला वळवतात असा आशय आहे. तिच्यामागची अट्ठकथेतील गोष्ट सात वर्षांच्या पंडित नावाच्या श्रामणेराची आहे. सारिपुत्तांच्या मागून भिक्षेला जाताना तो पाट पाहतो, शरकार पाहतो, सुतार पाहतो, आणि प्रत्येक वेळी विचारतो : या वस्तूला चित्त आहे का? नाही, असे उत्तर मिळते. मग चित्त नसलेली वस्तू माणसाला हवी तशी वळवता येते, तर ज्याला चित्त आहे त्याला ते का वळवता येऊ नये, असा त्याचा तर्क चालतो. अशा जागी उपमा ही भाषेची सजावट राहत नाही. ती अनुमानाचा पाया होते. काडी खरोखरच वळते, म्हणून अनुमान उभे राहते.

हाच आशय आणखी एका तोंडून ऐकू येतो, आणि तेथे तो फार वेगळा लागतो. अंगुलिमालाच्या उद्गारांत, थेरगाथेत आणि मज्झिमनिकायातील त्याच्या सुत्तात, पाटकरी, शरकार आणि सुतार पुन्हा येतात. त्यांच्यापाठोपाठ तो म्हणतो की कोणी दंडाने, कोणी अंकुशाने, कोणी चाबकाने वठणीवर आणतात, त्याला मात्र ज्याच्या हाती शस्त्र नव्हते अशाने वठणीवर आणले. त्याच सुत्तात काही परिच्छेद आधी हा मनुष्य ढाल-तलवार घेऊन आणि धनुष्य व भाता बांधून बुद्धाच्या मागे धावलेला आहे. बाणाचा उपयोग ज्याने केवळ मारण्यासाठी केला तो आता बाण घडवणाऱ्याचे नाव घेतो. भाता आणि निखाऱ्याचे खापर यांतले अंतर त्याच्या तोंडी जितके जाणवते तितके लहानग्या श्रामणेराच्या तोंडी जाणवत नाही. पाली वाङ्मयातील शरकाराच्या उपमा बहुधा बाण सरळ होताच थांबतात. तो कोणावर सुटला हे त्या सांगत नाहीत. अट्ठकथेतला वेधही केसाचाच आहे.

देवदह सुत्तातील उपयोग याहून तर्ककर्कश आहे. निगंठांच्या तपश्चर्येवर टीका करताना बुद्ध सांगतात की शरकार काडी दोन जळत्या कोलितांमध्ये तापवतो, सरळ आणि कामाजोगी करतो. ती सरळ झाली की पुन्हा तापवत बसत नाही, कारण ज्यासाठी तापवायची ते साधलेले असते. येथे तापवण्यासाठी जी क्रियापदांची जोडी आली आहे, तीच पाली वाङ्मयात देहाला दिलेल्या आतापन-परितापनासाठीही येते. क्लेशाला स्वतःचे मूल्य नाही, ते वाकडेपणाच्या प्रमाणात आणि तेवढ्यापुरतेच आहे, हे सांगायला याहून समर्पक धंदा सापडला नसता. सरळ झालेली काडी निखाऱ्यावर ठेवली तर ती करपते, हे श्रोत्याला सांगावे लागत नाही.

मिलिंदपञ्हाच्या शेवटच्या उपमा-प्रकरणात धनुर्धराच्या अंगी असलेल्या गुणांत एक गुण असा सांगितला आहे की वाकडातिकडा झालेला बाण सरळ करण्यासाठी तो ‘आळक’ नावाचे साधन जवळ बाळगतो. म्हणजे सरळपणा हा कारागिराकडून एकदा विकत घेऊन संपत नाही. हवेतल्या दमटपणाने, भात्यातल्या दाबाने काडी पुन्हा बाक धरते आणि ती पुन्हा पाहावी लागते. चिनी भाषेतील साम्य येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे ‘सुधारणे, वाकडे सरळ करणे’ या अर्थाच्या ‘ज्याओ’ या अक्षराचा डावा घटक बाणाचा आहे, आणि इसवी सनाच्या १०० च्या सुमारास श्यू शेन यांनी रचलेल्या अक्षरकोशात त्याचा अर्थ बाण वळवण्याचा चिमटा असा दिला आहे. जपानी भाषेत बाणाच्या काड्या सरळ करण्याच्या लाकडी साधनाला ‘तामेगी’ म्हणतात. ते लिहितानाही हेच अक्षर येते. ज्या उपमेला पालीत गाथा लागली, ती चिनी लिपीत एका अक्षरात मुरली आणि मग तिची उपमा म्हणून ओळखही पुसली गेली.

सुंग यिंगशिंग यांच्या १६३७ मधील तंत्रविद्येच्या ग्रंथात एक भेद नोंदवला आहे. त्यांच्या मते बांबूचा बाण अंगचाच सरळ असतो, त्याला वळवण्याची गरज नाही. लाकडी काठी मात्र वाळताना वाकते, म्हणून काही बोटे लांबीच्या लाकडात खाच पाडून तीतून ती तसू-तसूने ओढून काढावी लागते, आणि त्यानेच पुढच्या-मागच्या भाराचा तोलही साधतो. बांबू अगदीच निर्दोष असतो हे विधान उत्साहाचे म्हणावे लागेल, कारण जपानी बाणकार बांबूही तापवून सरळ करतात. पण भेद उपयोगी आहे. त्याच्या उजेडात धम्मपदाच्या अट्ठकथेकडे पुन्हा पाहिले तर तेथे आणलेली वस्तू ‘वाकडी काठी’ आहे आणि तिला साल आहे, हे ध्यानात येते. ती लाकडी आहे.

महाभारतातील बाण बहुतांशी दुसऱ्या द्रव्याचा आहे. युद्धपर्वांत बाणांना वारंवार लागणारे एक विशेषण ‘संनतपर्वन्’ हे आहे : ज्याची पेरे नमवलेली, म्हणजे काडीशी एकसारखी केलेली आहेत असा. भाषांतरांतून हा शब्द बऱ्याचदा ‘उत्तम’, ‘तीक्ष्ण’ अशा गुळगुळीत शब्दांखाली जातो. वास्तविक हा कारागिराचा शब्द आहे. बोरूच्या किंवा वेळूच्या काडीवर प्रत्येक पेराशी गाठ असते. ती तासली नाही तर बाण धनुष्याला घासताना अडखळतो, आणि जास्त तासली तर तेथेच मोडतो. अनुष्टुभाचा चरण भरण्यासाठी पिढ्यान्पिढ्या सूतांनी वापरलेल्या या ठेवणीतल्या विशेषणात शरकाराचे एक संपूर्ण कसब गोठून राहिले आहे. लाकडाने वाकडेपणाची उपमा दिली आणि बोरूने नमलेल्या पेरांचे विशेषण दिले, असे म्हणायला जागा आहे.

मात्र विशेषण राखणाऱ्या या काव्याने विशेष्य घडवणाऱ्याला कथेत फारशी जागा दिली नाही. अर्जुनाचे दोन भाते अक्षय आहेत. अक्षय भाता ही कल्पना शौर्याच्या अंगाने नेहमी वाचली जाते. धंद्याच्या अंगाने वाचली तर तिने शरकाराला कायमची सुट्टी दिली आहे. ज्याचे बाण संपत नाहीत त्याला कोणाच्या निखाऱ्याची गरज?

एकलव्याच्या आख्यानातही हेच होते. अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही, एवढे आदिपर्व सांगते. काव्याचे माप वेगाचे आहे. धनुर्विद्येच्या जाणकाराला येथे आणखी एक गोष्ट दिसेल. अंगठ्याने ओढलेली दोरी सुटताना एका बाजूला सरकते, बोटांनी ओढलेली दुसऱ्या बाजूला. म्हणूनच जगभर अंगठ्याने ओढणारे धनुर्धर बहुधा बाण धनुष्याच्या एका अंगाला ठेवतात आणि बोटांनी ओढणारे दुसऱ्या अंगाला. अंगठ्याच्या सुटीला जुळवलेले बाण बोटांच्या सुटीला तसेच्या तसे जुळत नाहीत. एकलव्य अंगठ्यानेच दोरी ओढत होता, असे गुरुदक्षिणेच्या मागणीवरून मानले तर त्या एका घावाने त्याच्या हाताबरोबर त्याच्या भात्यातला प्रत्येक बाणही बिघडला. द्रोणाचार्यांना हे ठाऊक नसेल असे वाटत नाही.

हा मुद्दा थोडा उलगडून सांगणे भाग आहे, कारण ‘सरळ’ या शब्दाचा अर्थच त्यावर अवलंबून आहे. धनुष्याच्या दांड्याला टेकलेला बाण नेमका लक्ष्याकडे रोखलेला नसतो. दांड्याच्या जाडीमुळे तो किंचित बाहेर कललेला असतो. तरीही चांगला बाण लक्ष्यावरच जातो. याचे कारण असे की दोरीचा धक्का मागून बसताच काडी धनुकलीसारखी वाकते, दांड्याला वळसा घालून निघते आणि पुढे उलटसुलट लवत हळूहळू शांत होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिशीघ्र चित्रणाने हे डोळ्यांना दाखवले. या वर्तनाला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय रॉबर्ट एल्मर यांना दिले जाते. काडी फार ताठ असेल तर ती वळसा घालू शकत नाही आणि एका बाजूला फेकली जाते; फार लवचीक असेल तर दुसऱ्या बाजूला. तेव्हा निखाऱ्यावर मिळवलेला सरळपणा हा निम्माच सरळपणा आहे. उरलेला निम्मा म्हणजे योग्य तितके वाकण्याची क्षमता, आणि ‘योग्य’ किती हे त्या धनुष्यावर आणि त्या हातावर ठरते.

वासिष्ठ धनुर्वेदसंहितेच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात, तसेच १३६३ मधील शार्ङ्गधरपद्धतीच्या धनुर्वेद-प्रकरणात, या जाणिवेच्या खुणा आहेत. काडी फार जाड नसावी, फार बारीक नसावी, पिकलेली व पिवळसर असावी, हे नियम लवचीकपणाचेच नियम आहेत. पुढे जाड असलेला बाण स्त्री, मागे जाड असलेला पुरुष आणि सर्वत्र सारखा तो नपुंसक, असे तीन प्रकार केले आहेत. पहिला दूर जातो, दुसरा कठीण वस्तू भेदतो आणि तिसरा लक्ष्यवेधाच्या अभ्यासाला घ्यावा असे सांगितले आहे. लिंगभेदाचे रूपक आज खटकेल, पण त्याखालचे निरीक्षण भाराच्या वाटणीचे आहे. पिसे चार, स्नायूंच्या तंतूंनी बांधलेली, सहा अंगुळे लांब. शार्ङ्ग धनुष्याच्या बाणाला मात्र दहा अंगुळांचे पीस. अभ्यासकांनी या शेवटच्या नियमाकडे फारसे पाहिलेले नाही. धनुष्य बदलले की पीस बदलते, म्हणजे बाण हा धनुष्याच्या मापाने जुळवायचा असतो, हे तत्त्व येथे एका आकड्यात सांगून टाकले आहे.

इंग्लंडमध्ये रॉजर अ‍ॅस्कम यांनी १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ हा संवाद लिहिला. त्यात बोलणारे दोघे आहेत, एक धनुष्याचा प्रेमी आणि दुसरा विद्येचा, आणि धनुष्याचा प्रेमी बाणाची काडी, पीस आणि टोक यांवर इतक्या बारकाईने बोलतो की विद्येच्या प्रेमीला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पीस हंसकुळातल्या पाळीव पक्ष्याचेच हवे, मोराचे दिखाऊ, असा त्याचा आग्रह आहे. याच वर्षीच्या जुलैत बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेतून पुढे हजारो बाण मिळाले, त्यामुळे अ‍ॅस्कमचे शब्द आणि त्या काळच्या वस्तू समोरासमोर ठेवता येतात. अरबी परंपरेत तर बाण का डोलतो, यावर स्वतंत्र चर्चा आहे. एल्मर आणि नबीह अमीन फारिस यांनी १९४५ मध्ये अनुवादित केलेल्या अरबी हस्तलिखितात बाणाच्या डोलण्याची कारणे शोधताना धनुर्धर, धनुष्य, दोरी आणि बाण या चौघांचीही झडती घेतली आहे. वैराग्याच्या दृष्टान्तात ही चौकडी मावत नाही. तेथे एक काडी आणि एक माणूस एवढेच पुरते.

आता महाजनक जातकाकडे वळले पाहिजे. फाउसबोलच्या आवृत्तीत ते ५३९ वे आहे. मिथिलेचा राजा महाजनक राज्य सोडून निघतो; राणी सीवली त्याच्या मागोमाग येत राहते, तो तिला परत जायला सांगतो, ती ऐकत नाही. थूणा नावाच्या नगरात त्यांना एक मुलगी भेटते. तिच्या एका हातात एक कंकण आहे, दुसऱ्यात दोन. दोन आहेत तो हात वाजतो, एक आहे तो वाजत नाही. असे का, हे राजा तिला विचारतो आणि दोन असले की आदळतात, हे उत्तर सीवलीला ऐकवतो. पुढे ते एका शरकाराच्या दारात येतात. तो निखाऱ्यांच्या खापरावर काडी तापवतो, कांजीने भिजवतो, एक डोळा मिटून दुसऱ्याने तिच्याकडे पाहतो आणि ती सरळ करतो. राजा विचारतो : डोळा मिटून का पाहतोस? शरकार सांगतो की दोन्ही डोळ्यांनी दृष्टी पसरते, पलीकडचा बाक कळत नाही. एकाने पाहिले की नजर थेट बाकापर्यंत पोचते. राजा पुन्हा सीवलीकडे वळतो.

कंकण आणि डोळा यांना जोडणारे सूत्र संख्येचे आहे. दोन म्हणजे व्यत्यय, एक म्हणजे नीट. दोन्ही दृष्टान्त एकच गोष्ट सांगतात, म्हणून ते शेजारी शेजारी आहेत. आणि डोळा मिटण्याचा तपशील कवीने रचलेला नाही. कोणत्याही काळातला, कोणत्याही देशातला बाणकार काडीच्या टोकाशी डोळा लावून, दुसरा मिटून तिच्या लांबीवर नजर टाकतो.

हीच जोडी ब्राह्मणी परंपरेतही सापडते. शांतिपर्वातील बोध्यगीतेत गुरू सहा आहेत : पिंगला, कुरर पक्षी, साप, भ्रमर, इषुकार आणि कुमारी. सांख्यसूत्रांच्या चौथ्या, आख्यायिकांच्या अध्यायात कुमारीची कंकणे येतात आणि काही सूत्रांनंतर इषुकार येतो. भागवताच्या एकादश स्कंधाच्या नवव्या अध्यायात अवधूत यदूला जे गुरू सांगतो त्यांतही आधी भात कांडणारी कुमारी आहे आणि तिच्यानंतर शरकार. कंकणाचा दृष्टान्त जैनांनी मिथिलेच्याच नमी राजर्षीला जोडला आहे. श्रमण आणि ब्राह्मण दोघांनाही मोकळा असलेला असा एक वैराग्यवाङ्मयाचा साठा होता, हे विंटरनित्झ यांनी फार पूर्वी मांडले. ही जोडी त्याचा चांगला पुरावा आहे. कोणी कोणाकडून उसने घेतले हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की कंकण सर्वत्र तेच सांगते आणि शरकार मात्र बदलतो.

महाभारतात आणि भागवतात शरकाराचा डोळा मिटलेला नाही. निखारे नाहीत, कांजी नाही, बाक नाही. आहे तो बाणात गुंतलेला एक मनुष्य, ज्याच्या जवळून राजा निघून जातो आणि त्याला कळत नाही. एकटेपणाचा दृष्टान्त एकाग्रतेचा झाला आहे. हा बदल कसा घडला असेल हे दृष्टान्ताच्या रचनेतूनच उमगते. डोळा मिटण्याचा तपशील गळला की कंकणाशी असलेले संख्येचे नाते तुटते. मग शरकाराला स्वतःचा अर्थ लागतो, आणि तो अर्थ दाखवायला त्याच्या लक्षाला आव्हान देणारे काहीतरी बाहेरून आणावे लागते. ती गरज राजाच्या जाण्याने भागवली. जातकातही शरकारासमोर राजा उभा आहेच. पण तेथे शरकार त्याच्याशी बोलतो, आपले काम समजावून सांगतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर तो स्वतःच कसब दाखवायला राजाकडे जातो. भागवतात राजा केवळ आवाज आणि गर्दी म्हणून उरला आहे.

या बदलाला तत्त्वज्ञानाची गंभीर बाजूही आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेचा विचार करताना शंकराचार्य पूर्वपक्षाच्या तोंडी इषुकार आणतात : बाणात गढलेल्या शरकाराला दुसरे काही दिसत नाही, तसाच मूर्च्छित मनुष्यही जागाच मानावा. आचार्यांचे उत्तर असे की शरकार नंतर सांगू शकतो की तो इतका वेळ बाणच पाहत होता. मूर्च्छेतून उठलेला मनुष्य असे काही सांगू शकत नाही. एकाग्रतेला जागृतीपासून वेगळे पडू न देण्यासाठी येथे शरकाराला पुन्हा बोलते केले आहे, आणि तो जे बोलतो त्यात बाण परत आला आहे. दृष्टान्ताने वगळलेली वस्तू युक्तिवादाला लागली.

मराठीत भागवताचा शरकार एकनाथांमुळे आला. पैठणला सुरू झालेली आणि १५७३ मध्ये वाराणसीला पुरी झालेली त्यांची एकादश स्कंधावरील टीका घरोघर आणि कीर्तनांतून वाचली गेली; अवधूत म्हणजे दत्त, हे समीकरण रूढ असलेल्या समाजात चोवीस गुरूंपैकी एक म्हणून शरकाराला ध्यानाचा आदर्श ही जागा मिळाली. पाली परंपरेतला दुसरा शरकार मराठीत येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या परिश्रमाने पाली ग्रंथांशी मराठी वाचकाचा परिचय झाला, आणि १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर धम्मपद हा अभ्यासकांपुरता ग्रंथ राहिला नाही. तेव्हापासून मराठीत दोन शरकार आहेत. एकाचे श्रोते त्याच्याकडून तल्लीनता शिकतात, दुसऱ्याचे श्रोते वाकडे सरळ करता येते हे शिकतात. जन्माने लादलेल्या मापाला नकार देऊन आलेल्या समाजाने चित्त नसलेली काडीही वळते हे वाक्य वाचताना त्यात काय वाचले असेल, हा साहित्याच्या समाजशास्त्राचा मोठा विषय आहे आणि येथे त्याचा निर्देशच करता येतो.

भागवताच्या श्लोकात मिटलेला डोळा नाही, धम्मपदाच्या गाथेतही नाही. त्यासाठी थूणा नगरातल्या त्या दाराशीच जावे लागते. शरकाराचे उत्तर ऐकूनही सीवली परत फिरत नाही. पुढे रानाच्या कडेला महाजनक मुंज गवतातून एक काडी उपसतो आणि तिला दाखवतो की ही आता पुन्हा गवतात बसवता येणार नाही. मुंज हे शर गवताचेच एक नाव आहे. ज्या काड्यांचे बाण होत, त्यांतलीच ती एक.